‘समृद्ध’ युरेनियम, ‘अण्वस्त्र’ आणि ‘धोका’

प्रश्न नागपूरहून आला आहे. महाविद्यालयीन वादविवाद स्पर्धेचा विषय ठरला : ‘एखाद्या देशाची अणुमहत्त्वाकांक्षा आंतरराष्ट्रीय सुरक्षेला धोका आहे का?’ मुलांनी कात्रणं जमवली. त्यांत एकाच वस्तूला कुठे ‘समृद्ध युरेनियम’ म्हटलंय, कुठे ‘संपृक्त’, कुठे ‘संवर्धित’, तर कुठे ‘शुद्ध केलेलं’. हिंदी कात्रणांत ‘परमाणु’, मराठीत ‘अणु’. यातलं बरोबर काय, ‘६० टक्के समृद्ध’ म्हणजे बॉम्ब साठ टक्के तयार असं समजायचं का, आणि विषयाचं वाक्य तरी नीट आहे का, असं शिक्षिकाबाईंनी विचारलंय.

अणू-परमाणूचं आधी उरकू. नागपुरात बऱ्याच घरांत आणि सगळ्याच वाचनालयांत हिंदी-मराठी पेपर शेजारीशेजारी पडलेले असतात, त्यामुळे हा घोळ तिथे जास्त होतो. हिंदीतला ‘परमाणु’ म्हणजे आपला ‘अणू’, आणि हिंदीतला ‘अणु’ म्हणजे आपला ‘रेणू’. म्हणून भाभांच्या नावाचं मुंबईचं केंद्र हिंदीत ‘परमाणु अनुसंधान केंद्र’ आणि मराठीत ‘अणुसंशोधन केंद्र’. युरेनियमसारखी खनिजं शोधणाऱ्या केंद्रीय निदेशालयाचं मध्य विभागाचं कार्यालय नागपुरातच आहे. त्याच्या नावातला ‘परमाणु’ हिंदीचा, मराठीत लिहिताना ‘अणुखनिज’. ‘परमाणु हथियार’चं ‘परमाणू हत्यार’ तर मुळीच करू नये. मराठीत हत्यार म्हटलं की कोयता डोळ्यांपुढे येतो.

लेखनाचं एवढंच : सुटा ‘अणू’ दीर्घ, समासात ऱ्हस्व – अणुबॉम्ब, अणुभट्टी, अणुचाचणी. अणु + अस्त्र = अण्वस्त्र. ‘अणवस्त्र’ लिहिलं की त्यात वस्त्र दिसायला लागतं. (मग ‘अणुऊर्जा’चं ‘अणूर्जा’ का नाही? व्याकरणाच्या हिशेबानं व्हायला हवं होतं. कुणी केलं नाही, आता करूही नये.)

आता युरेनियम. खाणीतून निघालेल्या युरेनियममध्ये दोन भावंडं असतात : वजनानं २३८ आणि वजनानं २३५. हजार अणूंमागे २३५ चे फक्त सात. अणुभट्टीत किंवा बॉम्बमध्ये शृंखला अभिक्रिया (एक अणू फुटला की त्यानं पुढचे फुटत जाणं) पेटती ठेवतात ते हे सात. त्यांचं प्रमाण वाढवण्याच्या कामासाठी मराठीत चार शब्द फिरतायत, आणि चौघांतही काहीतरी खोट आहे.

‘शुद्धीकरण’ सर्वांत वाईट. त्यानं वाटतं की २३८ हा मळ आहे. तो मळ नाही, तेही शंभर नंबरी युरेनियमच. खनिजातली माती, इतर धातू काढून टाकणं हे खरं शुद्धीकरण, आणि ते रसायनांनी होतं. ते या कामाच्या आधीच आटोपलेलं असतं. २३५ आणि २३८ ही रासायनिक वागणुकीत जवळजवळ सारखीच, त्यामुळे आम्ल टाकून एक विरघळलं आणि दुसरं तळाशी बसलं, असं काही घडत नाही. म्हणूनच तर हे काम अवघड आहे. ‘शुद्धीकरण’ म्हटलं की नेमकी हीच अडचण झाकली जाते.

‘संपृक्त’ शाळेतून आलाय, पण चुकीच्या वर्गातून. संपृक्त द्रावण म्हणजे आणखी साखर विरघळणार नाही असं पाणी. संपृक्ततेला शेवटची मर्यादा असते. युरेनियम ४ टक्क्यांवर थांबवता येतं, २० वर, ९० वर. यातल्या कुठल्याही टप्प्यावर ते ‘संपृक्त’ झालेलं नसतं. ‘संवर्धन’ त्यामानानं बरा, पण त्याच्याभोवती वनसंवर्धन, ऊतिसंवर्धन अशी जोपासनेची हवा आहे. इथे वाढत काहीच नाही. उलट ढीग लहान होत जातो.

‘समृद्ध’चीही तीच गंमत, आणि नागपूरकराला तो शब्द उच्चारला की मुंबईकडे जाणारा महामार्गच आठवणार. समृद्ध म्हटलं की वरून काहीतरी घातलंय असं वाटतं, जसं मिठात आयोडिन. प्रत्यक्षात क्रिया काढून टाकण्याची आहे. घरातला शब्द वापरायचा तर हे ‘पाखडणं’ आहे : सुपातून हलकं वेगळं, जड वेगळं. युरेनियमचं फ्लोरिनशी संयुग करतात. ते ५६-५७ अंश सेल्सियसला घनातून थेट वायू होतं. हा वायू उभ्या नळकांड्यांत प्रचंड वेगानं फिरवतात. जड रेणू भिंतीकडे सरकतात, हलके मध्याकडे राहतात. पण फरक किती? एका रेणूचं वजन ३४९, दुसऱ्याचं ३५२. शंभराला एकसुद्धा नाही. म्हणून एका नळकांड्यात काम होत नाही. एकातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात अशी हजारोंची साखळी लागते. नळकांडं जरा असमतोल झालं की त्या वेगाला ते फुटतं, आणि आत ओलसर हवा शिरली तर वायूची पाण्याशी अभिक्रिया होऊन गंजवणारं हायड्रोजन फ्लोराइड तयार होतं. फिरती नळकांडी घडवणं ही झाली एक गोष्ट. या दोन कटकटी सांभाळत साखळी महिनोन्‌महिने अखंड चालवणं फार थोड्यांना जमतं.

तरीही कल ‘समृद्ध’च्याच बाजूनं आहे. तो रुळलाय, आणि त्यातून ‘समृद्धीकरण’, ‘अल्पसमृद्ध’, ‘अतिसमृद्ध’ अशी पिल्लं नीट निघतात. २० टक्क्यांच्या खाली अल्पसमृद्ध. २० आणि वर अतिसमृद्ध. अट एकच : टक्का कशाचा ते एकदा तरी लिहायचं. ‘६० टक्के समृद्ध’ म्हणजे ‘ज्यात २३५ चं प्रमाण ६० टक्के आहे असं युरेनियम’. काम साठ टक्के झालं, असा त्याचा अर्थ नाही.

हा गैरसमज मुलांकडून पाटीवर सोडवून घ्यावा. संत्र्यांचा ढीग धरा, एकूण १०००, त्यात हवी असलेली ७. नको असलेली उचलून टाकायची. सातांचं प्रमाण ४ टक्के व्हायला ढिगात १७५ उरली पाहिजेत, म्हणजे ८२५ उचलावी लागली. हे वीज करणाऱ्या साध्या भट्टीचं इंधन. २० टक्क्यांना ३५ उरतात. ६० टक्क्यांना जेमतेम १२. आणि बॉम्बसाठी सांगतात त्या ९० टक्क्यांना ८. म्हणजे साठावरून नव्वदावर जायला आणखी चारच संत्री उचलायची! प्रत्यक्षात उरलेल्या चोथ्यातही थोडं २३५ वाया जातं आणि कष्टाचा हिशेब इतका सरळ नसतो. पण कल हाच. बहुतेक मेहनत सुरुवातीच्या चार-पाच टक्क्यांतच खर्च होते. त्यामुळेच अमेरिकेसह सहा देशांशी २०१५ मध्ये झालेल्या करारात इराणला ३.६७ टक्क्यांची मर्यादा आणि ३०० किलोंचा साठा घालून दिला होता. मे २०१८ मध्ये अमेरिका त्यातून बाहेर पडली, आणि एप्रिल २०२१ पासून इराण ६० टक्क्यांपर्यंत जाऊ लागला. जून २०२५ मध्ये इस्रायल आणि अमेरिकेचे हल्ले झाले तेव्हा आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या अंदाजानं असा साठा सुमारे ४४० किलो होता. आकडा ‘साठ’ असला तरी वाट ‘जवळजवळ संपलेली’ होती, हे ‘समृद्ध’ शब्दातून ऐकू येत नाही, म्हणून ते सांगावं लागतं.

पण माल म्हणजे अस्त्र नव्हे. इथे संस्कृतानं आपल्याला एक फार कामाचा भेद देऊन ठेवलाय. हातात धरून चालवायचं ते शस्त्र, फेकायचं ते अस्त्र. ‘अस्’ धातूचा अर्थच फेकणं. (त्या हिशेबानं ‘क्षेपणास्त्र’ म्हणजे फेकायचं फेकणं. चालायचंच.) भारतानं १८ मे १९७४ ला पोखरणला जमिनीखाली जे केलं त्याला सरकारनं ‘शांततामय अणुस्फोट’ म्हटलं. त्यामागच्या राजकारणावर काय बोलायचं ते बोला, शब्द म्हणून ‘स्फोट’ अचूक होता : फेकता येईल असं तेव्हा काही नव्हतं. अण्वस्त्र व्हायला वायूचा पुन्हा धातू करावा लागतो, त्याला आकार द्यावा लागतो, भोवतीची स्फोटकं एकाच क्षणी उडावी लागतात आणि सगळं विमानातून टाकता येईल किंवा क्षेपणास्त्राच्या टोकात मावेल असं करावं लागतं. शिवाय पोखरणच्या त्या स्फोटात युरेनियम नव्हतंच, प्लुटोनियम होतं, तेही समृद्धीकरणाविना चालणाऱ्या भट्टीतलं. त्या भट्टीला ‘जड पाणी’ लागायचं, म्हणजे ज्यात साध्या हायड्रोजनच्या जागी जड हायड्रोजन असतो ते. बोअरवेलच्या ज्या पाण्यात साबणाला फेस येत नाही, त्यालाही लोक जड पाणीच म्हणतात. ते दुष्फेन पाणी. त्यावर भट्टी चालत नाही.

म्हणून तीन शब्द वेगळे ठेवावेत. ‘अणुकार्यक्रम’ : वीज, औषधं, संशोधन, सगळंच त्यात येतं. ‘अण्वस्त्रक्षम’ : ठरवलं तर करू शकेल असा देश. ‘अण्वस्त्रसज्ज’ : ज्यानं केलंय तो. बातमीत ‘अण्वस्त्रक्षम क्षेपणास्त्र’ही दिसतं, तिथे ‘अण्वस्त्रवाहू’ बरं, म्हणजे ‘क्षम’ देशासाठी मोकळा राहतो.

करारांच्या नावांतही एक पद गाळलं की करारच बदलतो. ‘अण्वस्त्रप्रसारबंदी करार’ १९६८ चा, १९७० पासून लागू. त्यात बंदी प्रसाराला आहे, शांततामय वापराचा हक्क कलम ४ मध्ये उलट मान्य केलाय, आणि १ जानेवारी १९६७ पूर्वी स्फोट केलेले पाच देश अण्वस्त्रधारी म्हणून धरलेत. ‘प्रसार’ गाळून ‘अण्वस्त्रबंदी करार’ लिहिलं तर तो निराळाच, २०१७ चा, जानेवारी २०२१ पासून लागू झालेला. त्यात या पाचांपैकी एकही नाही. इराण पहिल्यात आहे. भारत दोन्हींत नाही. वादाच्या दोन्ही बाजूंना हे ठाऊक हवं, नाहीतर एक जण एका कराराबद्दल बोलतो आणि दुसरा खोडतो भलत्यालाच.

राहिला ‘धोका’. हा शब्द मराठीत दोन ओझी वाहतो : घडू शकेल असं संकट, आणि समोर उभं राहिलेलं संकट. नागपुरात तिसरंही, हिंदीतला ‘धोखा’, म्हणजे दगा. पहिल्या अर्थाला मराठीत ‘जोखीम’ हा चांगला शब्द आहे, आणि हा भेद नुसता शब्दांचा खेळ नाही. उत्तर कोरियानं ९ ऑक्टोबर २००६ ला चाचणी केल्यावर सुरक्षा परिषदेनं ठराव १७१८ केला. त्यात आंतरराष्ट्रीय शांतता आणि सुरक्षेला स्पष्ट धोका आहे, असा निर्णय नोंदवलाय. त्याच वर्षी डिसेंबरात इराणवर निर्बंध घालणारा ठराव १७३७ झाला; त्याची भाषा प्रसाराच्या जोखमीबद्दल चिंता वाटते, अशी आहे. एकानं प्रसारबंदी करार सोडून स्फोट केला होता, दुसरा करारात राहून लपवाछपवी करत होता. मराठीत दोन्हीकडे ‘धोका’ लिहिलं की हा फरक पुसला जातो.

‘महत्त्वाकांक्षा’ विषयाच्या वाक्यातून काढावा, असं आमचं मत. निकालाच्या दिवशी गुणवंतांसाठी वापरायचा हा कौतुकाचा शब्द. त्याजागी ‘मनसुबे’ घातलं तर उलट टोक होतं, आरोप आधीच सिद्ध. आकांक्षा मनात असते आणि मनावर वाद घालता येत नाही. क्षमतेवर घालता येतो. वाक्य असं करून पाहा : ‘एखादा देश अण्वस्त्रक्षम झाला, तर एवढ्यानंच आंतरराष्ट्रीय सुरक्षेला धोका निर्माण होतो का?’ ‘एवढ्यानंच’ गाळू नका, सगळा वाद त्याच शब्दात आहे. आणि फलक आधीच रंगवून झाला असेल, वाक्य बदलणं शक्य नसेल, तर निदान ‘महत्त्वाकांक्षा’मधले दोन त मोजून घ्या : महत् + त्व.