जस्ताची कल्हई?

'झिंक ॲनोडायझिंग'ला, म्हणजे विजेच्या साहाय्याने जस्तावर संरक्षक थर आणण्याला, मराठीत 'जस्ताची कल्हई' म्हटलं तर चालेल का, असं एका वाचकाने विचारलं आहे. कानाला छान लागतं, पण चालणार नाही.

एक तर कल्हई कथलाची. तापवलेल्या पातेल्यात नवसागर टाकायचा आणि कथील कापसाच्या बोळ्याने फिरवायचं. तिथे धातू बाहेरून येतो. ॲनोडायझिंगमध्ये मुळातल्या धातूचाच पृष्ठभाग पालटून थर तयार होतो. कल्हईपेक्षा ते दुधावरच्या सायीच्या जवळचं.

खरी गफलत मात्र षष्ठीची आहे. 'जस्ताचं विलेपन' म्हणजे गॅल्व्हनायझिंग, जस्ताने लोखंडावर केलेलं. 'जस्ताचं ॲनोडायझिंग' म्हणजे जस्तावरच केलेलं. प्रत्यय तोच, पण एकीकडे जस्त साधन आणि दुसरीकडे कर्म. 'जस्ताची बादली' तर दोघांहून फसवी, कारण ती असते लोखंडाची!

पाठ्यपुस्तकांत ॲनोडायझिंगला 'धनाग्रीकरण' म्हणतात. ॲनोड म्हणजे ज्या टोकातून वीज द्रावणात शिरते ते. हा शब्द १८३४ साली शास्त्रज्ञ फॅरेडेने रूढ केला. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ 'वर जाणारी वाट'. धन-ऋणाचा त्यात पत्ता नाही. 'धनाग्र'मध्ये आपण तो आणून बसवला आणि तिथे थोडी पंचाईत झाली. बॅटरीच्या साध्या सेलमध्ये जस्ताचं कवच ॲनोड असतं, पण टोक ऋण. म्हणजे 'ऋण धनाग्र' म्हणायची वेळ! ॲनोडायझिंगमध्ये वस्तू धन टोकालाच जोडतात, त्यामुळे इथे शब्द बिनघोर वापरावा.

प्रक्रिया मात्र ॲल्युमिनिअमच्या ॲनोडायझिंगइतकी सरळ नाही. अमोनियम फॉस्फेट, क्रोमेट आणि फ्लोराइड यांच्या द्रावणात विद्युतदाब २०० व्होल्टपर्यंत चढवतात. थर जाड म्हणजे ८० मायक्रॉनपर्यंत, कठीण आणि शेवाळी हिरवा येतो. गंजरोधक म्हणून तो चांगलाच. इथे 'गंज' शब्दही जरा जपूनच, कारण आपण तो मुख्यतः लोखंडाला लावतो. जस्तावर चढते ती पांढरी पूड. लेखात 'क्षरण' बरं.

तेव्हा माझं मत: लिहिताना 'जस्तावरील धनाग्रीकरण'. सप्तमीची छटा आली की षष्ठीचा घोळ संपतो. वर्कशॉपमधल्या माणसाला मात्र 'ॲनोडाइज करून द्या' असंच सांगावं. धनाग्रीकरण म्हणालात तर तो तुम्हाला शेजारच्या बँकेत पाठवेल.