अभ्यासाचंही उद्यापन असतं

इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्सच्या एका आईचं चार पानी पत्र आलंय. २०२१चा जानेवारी आहे, आणि कोरोनामुळे इथल्या उन्हाळ्यातल्या परीक्षा सलग दुसऱ्या वर्षी रद्द झाल्यात. त्यांची मुलगी इयर इलेव्हनला, म्हणजे आपल्या दहावीच्या तोडीच्या वर्गात आहे; जीसीएसई ही त्या वर्गाची मोठी परीक्षा. सुरुवातीचा भाग तसाच देते.

‘ताई, मुलगी इयर इलेव्हनला आहे. जीसीएसईचं वेळापत्रक तिनं फ्रिजवर लावलं होतं. ऑक्टोबरात परीक्षा तीन आठवडे पुढे गेली तेव्हा तिनं ते काढून नवीन लावलं, ७ जूनपासूनचं. मग ४ जानेवारीच्या रात्री पंतप्रधान बोरिस जॉन्सन टीव्हीवर आले आणि यंदा परीक्षा नेहमीसारख्या होणार नाहीत म्हणाले. मी आनंदानं म्हटलं, अगं सुटलीस की! ती काहीच बोलली नाही. सकाळी बघते तर परीक्षेसाठी आणलेला पारदर्शक पाऊच, सहा काळी पेनं, कंपास, सगळं कचऱ्याच्या डब्यात. मी गुपचूप काढून ठेवलं. तेव्हापासून ती माझ्याशी कामापुरतंच बोलते.’

पुढे तुम्ही चार प्रश्न विचारलेत. ग्रेड कशा ठरणार, मिस्टर ‘यंदा फुकटची ग्रेड’ म्हणतात त्याचं काय, ती रात्री दोन-दोन वाजेपर्यंत फोनवर असते ते कसं थांबवायचं, आणि नाशिकला सासूबाईंना काय सांगायचं. चारही प्रश्नांकडे येते. पण तुम्ही जे विचारलंच नाहीत, त्यावर मला आधी बोलायचंय. तो कचऱ्यातला पाऊच.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. ‘ग्रेड’ हा शब्द त्यात अकरा वेळा आलाय. लेकीला नेमकं कशाचं वाईट वाटतंय, यावर एक ओळ नाही. रागावू नका. इथे आलेल्या आपण बहुतेकजणी अशाच आहोत. शिक्षणाच्या आणि मार्कांच्या जोरावर दोन बॅगा घेऊन आपण इथवर आलो. त्यामुळे परीक्षा म्हणजे मार्क, हे डोक्यात घट्ट बसलंय. मार्क मिळणारच असतील तर परीक्षा झाली नाही म्हणून रडायचं कशाला, असं आपल्याला अगदी मनापासून वाटतं.

मलाही वाटलं होतं. गेल्या वर्षी, २०२० साली, माझा मुलगा ए-लेव्हलला, म्हणजे इथल्या बारावीला होता. १८ मार्चला, बुधवारी संध्याकाळी तो जेवणाच्या टेबलावर गणितं सोडवत बसला होता. शिक्षणमंत्री गॅव्हिन विल्यमसन यांनी जाहीर केलं की शुक्रवारपासून शाळा बंद आणि उन्हाळ्यातल्या परीक्षा होणार नाहीत. मी तुमचाच शब्द वापरला होता. ‘सुटलास रे बाबा!’ त्यानं पेनाला टोपण लावलं, अर्धं सोडवलेलं गणित तसंच ठेवलं आणि वर निघून गेला. ती वही आठवडाभर टेबलावर उघडीच होती. मी तिच्याभोवतीनं पुसून घ्यायचे, पण ती मिटायचा धीर मला झाला नाही.

पुढचं सगळं तुम्हाला माहीतच आहे. शिक्षकांनी ग्रेड दिल्या, वर्गातल्या मुलांचे क्रम लावले, आणि ते सगळं ऑफक्वालच्या, म्हणजे इंग्लंडमधल्या परीक्षांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेच्या, गणिती सूत्रात घातलं गेलं. शाळेचे मागच्या वर्षांचे निकाल कसे होते यावर या मुलांचं ठरायला लागलं. १३ ऑगस्टला निकाल लागला तेव्हा इंग्लंडमधल्या जवळजवळ ४० टक्के ग्रेड शिक्षकांनी दिल्या होत्या त्यापेक्षा खाली आल्या होत्या. स्कॉटलंडमध्ये आठवडाभर आधी हेच झालं होतं आणि ११ ऑगस्टला तिथल्या सरकारला माघार घ्यावी लागली होती. इथे १७ तारखेला घेतली. आमच्याकडे गणितात शिक्षकांचा ‘ए’ होता, सूत्रानं ‘बी’ केला, आणि त्या सोमवारी पुन्हा ‘ए’ झाला. मी साखरेचा डबा उघडला, भारतात फोन लावले. तो सोफ्यावर बसून होता. म्हणाला, ‘आई, तो बी पण माझा नव्हता आणि हा ए पण माझा नाही.’

तेव्हा मला माझ्या आईचं बोलणं आठवलं.

माझी भाची सांगलीला असते. ती गेल्याच वर्षी दहावीला होती. सगळे पेपर झाले, एक भूगोल राहिला. २३ मार्चचा तो पेपर आधी लांबणीवर पडला, मग रद्दच झाला, आणि बाकीच्या विषयांच्या सरासरीनं मार्क द्यायचं ठरलं. अख्खा महाराष्ट्र म्हणत होता, पोरांची चैन झाली. ही पोर मात्र घरभर चिडचिड करत फिरत होती. तिनं ब्राझीलचे नकाशे काढून काढून वही भरवली होती. शेवटी माझी आई तिला म्हणाली, ‘तुझं व्रत झालंय, उद्यापन राहिलंय. उद्यापन केल्याशिवाय व्रत सुटत नाही. उद्या बस आणि लिही.’ दुसऱ्या दिवशी अकराच्या ठोक्याला भाची माडीवर बसली. पॅड, कंपास पेटी, फुलस्केपचे कागद, समोर घड्याळ. जाण्याआधी आजीनं तिच्या हातावर दही-साखर ठेवली. चाळीस मार्कांचा पेपर, दोन तास. पुरवण्यांना दोरा बांधून तिनं गठ्ठा आजीच्या हातात दिला. आजी चौथी शिकलेली. तिनं तो देवापुढे ठेवला आणि चुरमा केला. तपासला कोणीच नाही. संध्याकाळी पोर खाली अंगणात दोरीवरच्या उड्या मारत होती.

मला हे फोनवर कळलं तेव्हा मी म्हटलं, आईचं आपलं काहीतरी. ऑगस्ट उजाडला तेव्हा तिचं म्हणणं डोक्यात शिरलं.

आपल्याकडे सोळा सोमवार करतात, पण सतराव्या सोमवारी उद्यापन असतं. दहा दिवस गणपती बसवला तरी उत्तरपूजा केल्याशिवाय मूर्ती हलवत नाहीत. पोथीचं पारायण मध्येच सोडत नाहीत. आपल्या माणसांना हे फार पूर्वीपासून उमगलंय की खूप दिवस मन लावून केलेलं काम असंच विरून गेलं तर माणूस त्यातच अडकून राहतो. तुमच्या लेकीनं दोन वर्षं नऊ-दहा विषय घेऊन वाट बघितली ती एका सकाळची. स्पोर्ट्स हॉलमधली ओळीनं मांडलेली टेबलं, लेबल सोललेली पाण्याची बाटली, ‘यू मे बिगिन’ म्हणणारा आवाज. ती सकाळ कोणीतरी काढून घेतली आणि वर म्हटलं, ‘नशीबवान आहेस.’

माझंही एक सांगते. १९९४ साली एमएचा शेवटचा भाग दिला नाही. लग्न ठरलं, व्हिसा आला, तिकीट परीक्षेच्या बारा दिवस आधीचं निघालं. सगळे म्हणाले, तिकडे जाऊन काय करायचंय एमए? हॉल तिकीट अजून पासपोर्टांच्या पाकिटात आहे. पंचवीस वर्षं होऊन गेली, तरी वर्षातून दोन-तीनदा स्वप्न पडतं की घंटा झालीय आणि मला माझा वर्ग सापडत नाहीये. मी नापास झाले असते तरी चाललं असतं, पण ते पेपर लिहायचेच राहून गेले. म्हणून म्हणते, लेकीचं हे अर्धं ठेवू नका.

माझ्या मुलानं काय केलं? सरकारनं ऑक्टोबरात ए-लेव्हलच्या परीक्षा ठेवल्या होत्या, ज्यांना द्यायच्या त्यांच्यासाठी. आधीची ग्रेड हातात राहणार, दोन्हींतली चांगली ती आपली. त्याला काहीच गरज नव्हती. युनिव्हर्सिटी सुरू झाली होती, लेक्चर्स घरूनच लॅपटॉपवर चालली होती. त्याचे बाबा म्हणाले, ‘वेळ वाया कशाला घालवतोस?’ मी म्हटलं, त्याला जाऊ द्या. गणिताचे तीन पेपर, दोन-दोन तासांचे. त्या मोठ्या हॉलमध्ये मोजून सहा मुलं. तिसऱ्या पेपराला मी त्याला आणायला गेले. गेटातून बाहेर येताना मास्क हनुवटीवर ओढलेला, आणि गाडीत बसायच्या आत त्यानं शेवटचं गणित मला सांगायला सुरुवात केली. मला त्यातलं एक अक्षर कळलं नाही. घरी पोचेपर्यंत तो बोलत होता. त्या रात्री त्यानं फ्लॅशकार्डांचे गठ्ठे रबर लावून एका खोक्यात भरले आणि शेजारच्या घरातल्या इयर ट्वेल्व्हच्या, म्हणजे एक वर्ष मागे असलेल्या मुलाच्या दारात ठेवून आला. उद्यापनाला वाण देतात ना, तसंच वाटलं मला. निकाल डिसेंबरात आला. ग्रेड मी मुद्दाम लिहीत नाही, तुम्ही तेवढीच लक्षात ठेवाल.

आता तुमच्या घरी. पहिलं म्हणजे ‘सुटलीस’ म्हणाल्याबद्दल तिची माफी मागा. हो, माफी. आपल्याकडे आईबाप मुलांची माफी मागत नाहीत, मला माहीत आहे. मागा. ‘तू दोन वर्षं केलंस ते माझ्या लक्षातच आलं नाही’, एवढं एकच वाक्य पुरे. पुढे लगेच उपदेश जोडू नका.

मग तिला विचारा, यातला कुठला पेपर तुला खरंच लिहायचा होता? तिला ठरवू द्या. सगळे नकोत, दोन-तीन पुरेत. इतिहासाचा असेल, बायॉलॉजीचा असेल. परीक्षा मंडळांचे जुने पेपर त्यांच्या संकेतस्थळांवर फुकट मिळतात. ती फ्रिजवरची तारीख असेल त्या दिवशी सकाळी तिला बसू द्या. टेबल मोकळं करा. धाकटा असेल तर त्याला बाबांबरोबर पार्कात पाठवा. शेजारच्या खोलीत कुकर लावू नका, शिटीनं दचकायला होतं. फोन तुमच्याकडे, घड्याळ तिच्यासमोर. निघताना हातावर दही-साखर, मग ती स्वयंपाकघरातून बैठकीच्या खोलीतच जाणार असली तरीही. पेपर तुम्ही तपासू नका, नवऱ्यालाही तपासू देऊ नका. तिला वाटलं तर ती शिक्षिकेला पाठवेल. आणि त्या संध्याकाळी तिच्या आवडीचं काहीतरी करा. पास-नापासाशी त्याचा संबंध जोडू नका.

ती नाही म्हणाली तर? सोळा वर्षांची मुलगी बहुधा आधी नाहीच म्हणेल. आग्रह करू नका, विषय तिच्या कानावर घालून ठेवा. तिला वेगळं काही सुचेल. एका बाईंच्या मुलीनं दोन वर्षांच्या वह्या गॅरेजमध्ये ओळीनं मांडून त्यांचे फोटो काढले आणि मग त्या बांधून माळ्यावर टाकल्या. तेही चालतं. कसं संपवायचं ते तिचं तिनं ठरवावं, म्हणजे झालं.

आता तुमचे प्रश्न. ग्रेड यंदा, २०२१ला, शिक्षक देणार आहेत, सूत्र वापरणार नाही असं विल्यमसननी ६ जानेवारीला संसदेत सांगितलंय. म्हणजे आत्ताचं ऑनलाइन काम, मॉक (सराव परीक्षा), निबंध, सगळं जपून ठेवा आणि तिला वर्गाला हजर राहू द्या. सिक्स्थ फॉर्मच्या, म्हणजे ए-लेव्हलच्या दोन वर्षांच्या, प्रवेशाबद्दल शाळेला एक ईमेल करा, दहा ओळखींच्या बायकांना विचारत बसू नका.

मिस्टरांना बाजूला घेऊन सांगा, ‘फुकट’ हा शब्द घरात पुन्हा काढू नका. तिच्यासमोर भांडू नका.

फोनचं म्हणाल तर तिच्या मैत्रिणी सध्या लॉकडाऊनमुळे तिथेच भेटतात, दुसरीकडे कुठे भेटणार? रात्री अकराला घरातले सगळे फोन, तुमचासुद्धा, खालच्या चार्जरवर. पण ती आठवडेच्या आठवडे जेवत नसेल, झोपत नसेल, जगण्यात अर्थ नाही असलं काही बोलत असेल, तर या सल्ल्यावर थांबू नका. जीपीला, म्हणजे तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना, फोन करा. मुलांसाठीच्या इथल्या चाइल्डलाइन मदतवाहिनीचा ०८०० ११११ हा नंबर तिच्या फोनमध्ये घालून द्या, तिथे तिला तुमच्याशिवाय बोलता येईल.

सासूबाईंना खरं ते सांगा. परीक्षा झाली नाही, म्हणून आम्ही घरी उद्यापन करतोय. तुमच्यापेक्षा लवकर त्यांना कळेल. आणि त्या दिवशी इथल्या सकाळी नऊला, म्हणजे नाशिकला दुपारी दीडला, त्यांना देवापुढे दिवा लावायला सांगा. नातीला ते फोनवरून दाखवा.

तो पाऊच कचऱ्यातून काढून तुम्ही धुऊन ठेवला असेल, आई आहात. कपाटात लपवून ठेवू नका. ‘हा माझ्याकडे आहे, हवा तेव्हा माग’, असं तिला सांगा. आणि जूनमध्ये तिनं पहिला पेपर कुठला निवडला, ते मला नक्की कळवा.