लस घेतलेल्यांचा सिरो सर्व्हे: टक्केवारीच्या आधी मशीनचे आकडे मागा

कोरोनाच्या सिरो सर्व्हेबद्दलची (रक्तातल्या अँटिबॉडीवरून किती जणांना संसर्ग होऊन गेला ते शोधणं) तुमची पोस्ट वाचली आणि जुनं दुखणं वर आलं. सगळ्यांना एमआरएनए लस मिळालेली, एन-अँटिबॉडी पॉझिटिव्ह फक्त २० टक्के, आणि मागे ज्यांचा पीसीआर पॉझिटिव्ह आला होता त्यांतलेच निम्म्याहून जास्त निगेटिव्ह. किट खराब आहे का, असं तुम्ही विचारलंय. माझ्या मते किट ठीकच असावं.

एस आणि एन ही विषाणूची दोन प्रथिनं. एमआरएनए लस शरीराला फक्त एस दाखवते, म्हणून एनविरुद्धची अँटिबॉडी सापडली तर ती संसर्गाची खूण धरतात. फक्त तुमच्या यादीत चुकून कोव्हॅक्सिन किंवा सायनोव्हॅकसारखी अख्खा विषाणू निष्क्रिय करून बनवलेली लस घेतलेले कोणी असतील, तर त्यांना आधी वेगळं काढा. त्यांच्यात लसीमुळेही एन-अँटिबॉडी येऊ शकते.

आता मुख्य मुद्दा. लस घेतलेल्या माणसाला संसर्ग झाला तर विषाणू बहुधा कमी वाढतो, लवकर आटोक्यात येतो आणि एनविरुद्ध अँटिबॉडी पुरेशी तयारच होत नाही. मॉडर्नाच्या चाचणीत पीसीआरने संसर्ग सिद्ध झालेल्यांपैकी प्लासिबो (लसीऐवजी नुसतं पाणी-मीठ टोचलेल्या) गटात ९३ टक्के लोकांत एन-अँटिबॉडी दिसली, लस गटात फक्त ४० टक्के. तुमच्या २० टक्क्यांवर हे लावून बघा. स्पेसिफिसिटी (संसर्ग न झालेल्यांपैकी किती जणांना चाचणी बरोबर निगेटिव्ह म्हणते) ९९ टक्के धरा. सेन्सिटिव्हिटी (संसर्ग झालेल्यांपैकी किती जणांना ती पॉझिटिव्ह म्हणते) ९३ असेल तर संसर्ग झालेल्यांचं खरं प्रमाण २१ टक्क्यांच्या आसपास येतं, आणि ४० असेल तर जवळजवळ ४९. नमुने तेच, किट तेच. (४० हा आकडा त्या लसीचा, त्या काळातल्या विषाणूचा आणि त्या किटचा आहे. जसाच्या तसा उचलू नका.)

म्हणून स्वतःची सेन्सिटिव्हिटी स्वतःच काढावी लागते, आणि आमच्या सर्व्हेचं घोडं तिथेच अडलं. नमुने तपासणाऱ्या प्रयोगशाळेने एक्सेल पाठवली, तीत निकालाचा एकच रकाना: पॉझिटिव्ह किंवा निगेटिव्ह. मशीनने दिलेली इंडेक्स व्हॅल्यू (अँटिबॉडी किती दिसली याचा आकडा) मागितली तर उत्तर आलं, 'आमच्या फॉरमॅटमध्ये तो रकाना नाही.' मग पत्र द्या. पत्र दिलं तर सही करणारे रजेवर. ते परत आले तोवर मशीनमधले जुने रन पुसले गेले होते आणि उरलेलं सिरम 'नियमानुसार' फेकलेलं. रक्त आमच्या लोकांनी दिलं, पैसे आम्ही भरले, आणि हाती काय, तर हो-नाहीची यादी! अजून राग जात नाही.

राग अशासाठी की किटचा कटऑफ, म्हणजे ज्याच्या वर पॉझिटिव्ह म्हणायचं ती रेषा, कंपनीने बहुतेक वेळा लस न घेतलेल्या, बऱ्यापैकी आजारी पडलेल्या रुग्णांच्या रक्तावर ठरवलेला असतो. लस घेतलेल्या, सौम्य आजार झालेल्या माणसाचा आकडा अनेकदा त्या रेषेच्या खाली पण संसर्ग न झालेल्यांच्या वर असतो. आकडे हातात असतील तर तुमचेच पीसीआर पॉझिटिव्ह आणि खात्रीचे निगेटिव्ह शेजारी ठेवून रेषा खाली आणता येते. स्पेसिफिसिटी थोडी घसरते, तीही मोजून सांगायची. हो-नाहीच्या यादीतून यातलं काहीच करता येत नाही. तेव्हा करारातच लिहून घ्या: इंडेक्स किंवा ओडी (मशीनने मोजलेला रंगाचा गडदपणा), प्लेट (एका वेळी अनेक नमुने तपासायची पट्टी) क्रमांक, तारीख, आणि उरलेलं सिरम परत.

दुसरं, शक्य असेल तर त्याच माणसांचा काही महिन्यांनी पुन्हा नमुना घ्या. मधे डोस झालेला नसताना एस किंवा एन चांगलंच वाढलेलं दिसलं तर संसर्गाचा संशय बळकट होतो. निष्क्रिय विषाणूची लस घेतलेल्यांसाठी तर हाच त्यातल्या त्यात भरवशाचा मार्ग. दोन्ही नमुने एकाच प्लेटवर चालवा, नाहीतर प्लेट-प्लेटमधला फरक तुम्ही संसर्ग म्हणून मोजाल. सिरम आधीच छोट्या नळ्यांत वाटून गोठवा, पुन्हा पुन्हा वितळवू नका. लसीची तारीख लोकांच्या आठवणीवर सोडू नका.

जाता जाता: पशुवैद्यकांचं काम जरूर वाचा. लाळ्या खुरकूतच्या शुद्ध केलेल्या लसीत विषाणूची नॉन-स्ट्रक्चरल प्रथिनं (विषाणू शरीरात वाढताना तयार होणारी) जवळपास नसतात, म्हणून त्यांच्याविरुद्धची अँटिबॉडी सापडली तर संसर्ग धरतात. पण लस दिलेल्या जनावरात तीही कमी उमटते. म्हणून ते एकेका गाईवर निकाल देत नाहीत, अख्ख्या कळपाचा देतात. तुमच्या सर्व्हेतही 'माझा रिपोर्ट निगेटिव्ह, म्हणजे मला झालाच नव्हता ना?' असं लोक विचारतील. हो म्हणू नका.

मी डॉक्टर नाही, संख्याशास्त्रज्ञही नाही. कटऑफ हलवण्याआधी एखाद्या संख्याशास्त्रज्ञाला बसवाच. आणि तुमच्या प्रयोगशाळेने अजून सिरम फेकलं नसेल तर उत्तर लिहीत बसण्याआधी त्यांना फोन करा.