डब्यात सापडलेला लाल बदाम आणि बीपीचा आकडा

दोन महिन्यांपूर्वी या सदरात एका वाचकाला मी सांगितलं होतं की नुसतं चालायचा कंटाळा येत असेल तर जिओकॅशिंग करून बघा, म्हणजे फोनच्या जीपीएसवर बघून कुणीतरी लपवलेला डबा शोधायचा, आतल्या वहीत नाव लिहायचं आणि डबा होता तसा ठेवून घरी यायचं. तेव्हापासून या विषयाची पत्रं थांबायलाच तयार नाहीत. त्यातली हार्टशी संबंधित तेवढी या वेळी घेतलीयत.

नमस्कार ताई. आम्ही ऑरेगनमध्ये पोर्टलंडजवळ राहतो. मुलगा नववीत आहे, त्याला या डब्यांचं वेड लागलंय. परवा एका डब्यात लाल बदामाची कीचेन मिळाली, त्याला मण्यामण्यांच्या साखळीने एक धातूचा बिल्ला लावलाय, बिल्ल्यावर किडा छापलाय आणि काही अक्षरं-आकडे आहेत. सोबत लॅमिनेट केलेलं कार्ड, त्यावर लिहिलंय की माझे बाबा हार्ट अटॅकने गेले, हा बदाम जगभर फिरवा आणि स्वतःचं बीपी तपासून घ्या. मुलगा म्हणतो ठेवून घेऊ, सासूबाई म्हणतात गेलेल्या माणसाची वस्तू घरात नको. काय करायचं?

ठेवून घ्यायचं नाही, आणि फेकूनही द्यायचं नाही. तुमच्या हातात आलाय तो ट्रॅव्हल बग, फिरता बिल्ला. डब्यातली बाकीची खेळणी-बिळणी बदली वस्तू ठेवून घेता येतात पण हा नाही, हा कुणाच्या तरी मालकीचा असतो आणि त्याला पुढच्या डब्यापर्यंत पोचवायचं काम तुमच्यावर येतं. (बिल्ला घेतला तर बदल्यात दुसरा बिल्ला ठेवावा लागतो हा एक गैरसमज आहे, तसं काही नाही.) किड्याच्या पाठीवर ज्या उभ्या रेघा आहेत तो बारकोडसारखा निव्वळ डिझाइनचा भाग, कामाची गोष्ट म्हणजे कोरलेला कोड. मुलाने जिओकॅशिंगच्या साइटवरच्या त्याच्या फुकटच्या अकाउंटमधून तो कोड टाकला की बदामाचं पान उघडेल, कुठून निघाला, कुठे कुठे गेला, किती मैल झाले, सगळं. तिथे ‘आम्ही उचलला’ अशी नोंद करायची, आणि दुसऱ्या डब्यात ठेवला की ‘इथे सोडला’ अशी. फक्त कोडचा फोटो काढून इन्स्टावर टाकू देऊ नका, कोड ज्याला कळला तो घरबसल्या खोट्या नोंदी करू शकतो आणि मालकाच्या नकाशाची वाट लागते.

साधारण दोन आठवड्यांत पुढे सोडावा असा रिवाज आहे, जास्त दिवस लागणार असतील तर मालकाला तिथूनच एक मेसेज टाकायचा, बहुतेक लोक समजून घेतात. सोडताना डबा बघून सोडा. फिल्मच्या डबीएवढ्या लहान कॅशमध्ये, म्हणजे लपवलेल्या डब्यात, कोंबू नका, झाकण नीट बसत नाही आणि मग तुमच्याकडच्या पावसात आतल्या वहीचा लगदा. जेवणाच्या डब्याएवढा किंवा मिलिटरीच्या गोळ्यांच्या पेटीएवढा डबा बघा, आणि त्याच्या पानावर गेल्या महिन्याभरात कुणाला सापडल्याची नोंद आहे ना तेही बघा, नाहीतर बदाम तिथेच वर्षभर अडकून पडेल. झिपलॉकच्या पिशवीत घालून ठेवलेलं बरं.

सासूबाईंना सांगा की ही गेलेल्या माणसाची वस्तू नाहीच, त्यांच्या नावाने मुलांनी केलेली वस्तू आहे, आपल्याकडे वडिलांच्या नावाने पाणपोई घालतात तसं. आणि कार्डावर सांगितलंय ते करायला सुरुवात त्यांच्यापासूनच करा, त्यांचं बीपी मोजा, मग तुमचं आणि तुमच्या मिस्टरांचं. नोंदीत ‘घरातल्या तिघांचं बीपी तपासलं’ एवढंच लिहा. आजीचा आकडा जगाला सांगायची गरज नाही.

बाकी तुम्ही राहता तो भाग म्हणजे या खेळाचं माहेरच. अमेरिकेने जीपीएस सिग्नलमध्ये मुद्दाम घातलेली चूक मे २००० मध्ये काढून टाकली, त्याआधी साध्या माणसाच्या यंत्राला शंभरेक मीटरचा फरक यायचा. चूक काढल्यावर लगेच, ३ मे २००० ला, डेव्ह अल्मर नावाच्या माणसाने पोर्टलंडच्या दक्षिणेला बीव्हरक्रीकजवळ एक बादली ठेवली आणि तिच्या जागेचे जीपीएस आकडे इंटरनेटवर टाकले. बादलीत सॉफ्टवेअर, पुस्तकं, गलोल आणि घेवड्याच्या दाण्यांचा एक टिनचा डबा होता. तो गंजका टिन पुढे सापडला, आणि आज तोच एक फिरता ट्रॅकेबल आहे, म्हणजे तुमच्या बदामासारखी कोडवाली वस्तू! मूळ जागी आता स्मरणफलक आहे, मुलाला घेऊन एकदा जाऊन या.

ताई, न्यू जर्सीत असतो, वय ५१, दीड वर्षापूर्वी बायपास झाली. मलाही असा एक टॅग काढायचाय, खास आपल्या देशी लोकांसाठी. ‘हृदयाची काळजी घ्या, जागरूकता पसरवा’ असं उद्दिष्ट लिहिलंय. अजून काय लिहू?

आधी हे खोडा. रागावू नका, पण ‘जागरूकता पसरवा’ वाचून माणूस नक्की काय करणार? लाइक करणार आणि पुढच्या डब्याकडे जाणार. टॅगच्या पानावर उद्दिष्ट लिहायला जागा असते तिथे एकच काम सांगा, आणि ते जागच्या जागी किंवा त्याच आठवड्यात होणारं हवं. पाच कामं सांगितलीत तर एकही होत नाही, हे माझं मत, या सदराच्या अनुभवावरून.

मी असते तर बीपी नसतं निवडलं, सीपीआर निवडला असता, म्हणजे हृदय बंद पडलेल्या माणसाची छाती दाबत राहणं. कारण हा खेळ खेळणाऱ्यांत बारा वर्षांची पोरं पण असतात आणि त्यांना बीपीचं काय सांगणार, पण छाती दाबायला ती शिकू शकतात. माणूस अचानक कोसळला, हाक मारून हलत नाही, श्वास नीट चालत नाही, तर ९११ लावायचं, फोन स्पीकरवर ठेवायचा, आणि छातीच्या मधोमध दोन्ही तळहात एकावर एक ठेवून ५ ते ६ सेंटीमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० या वेगाने दाबत राहायचं, प्रत्येक वेळी छाती पूर्ण वर येऊ द्यायची, मदत येईपर्यंत थांबायचं नाही. तोंडाने श्वास देता येत नसेल तर नुसतं दाबलं तरी चालतं, काहीच न करण्यापेक्षा कितीतरी बरं. तुमच्याकडे मॉलमध्ये, विमानतळावर एईडी, म्हणजे हृदयाला विजेचा झटका देणारं मशीन, टांगलेलं असतं, ते सुरू केलं की स्वतःच बोलून काय करायचं ते सांगतं. मग उद्दिष्टात लिहा: ‘हा टॅग उचललात तर पुढच्या डब्यात सोडायच्या आधी तुमच्या जवळचं एईडी कुठे आहे ते शोधा आणि नोंदीत जागा लिहा.’ शोधाशोध करणाऱ्या लोकांना शोधायचंच काम दिलं की ती करतात.

देशी लोकांसाठी म्हणताय तर कार्डाच्या मागच्या बाजूला एक गोष्ट जरूर टाका. इंटरहार्ट नावाचा ५२ देशांतला मोठा अभ्यास २००४ मध्ये आला, त्यात भारत, पाकिस्तान, बांगलादेश, श्रीलंका, नेपाळ इथले लोकही होते, आणि त्यातून २००७ मध्ये दिसलं की आपल्या भागात पहिला अटॅक सरासरी ५३ व्या वर्षी येतो, बाकीच्या देशांत जवळपास ५९ व्या. म्हणजे तुमची बायपास ‘इतक्या लवकर कशी’ असं नातेवाईक म्हणत असतील तर त्यांना हा आकडा दाखवा. त्याच अभ्यासात तंबाखू, कोलेस्टेरॉल, बीपी, डायबेटिस, पोटाचा घेर, ताण, भाज्या-फळं न खाणं, व्यायाम न करणं अशी बदलता येणारी नऊच कारणं बहुतेक सगळ्या अटॅकमागे निघाली (नववं दारूबद्दलचं आहे, ते वाचून कुणी सोयीचा अर्थ काढू नये म्हणून इथेच थांबते).

आणि मराठीत एक ओळ हवीच. आपल्या घरांत छातीत जडपणा आला की पहिलं वाक्य ‘गॅस झाला असेल’ आणि दुसरं ‘ओवा खा’. बायकांच्या बाबतीत तर विचारूच नका. छातीत कळ न येता नुसता दम लागणं, मळमळ, जबडा किंवा पाठ दुखणं, भयंकर थकवा असंही त्यांच्यात जास्त दिसतं, आणि ती बाई तशीच कुकर लावायला उठते. म्हणून लिहा: ‘गॅस आहे की हार्ट हे घरी ठरवू नका, ॲम्ब्युलन्स बोलवा.’ अमेरिकेत ९११, महाराष्ट्रात १०८ किंवा ११२.

पैसे गोळा करायचं, कुठल्या संस्थेला देणगी द्या असलं काही टॅगवर घालू नका, या खेळात ते कुणाला आवडत नाही आणि कॅशच्या पानावर तर तसलं आवाहन परवानगीशिवाय छापतच नाहीत. टॅगला वजनदार मूर्ती, टेडी असलं लावू नका, लहान डब्यात जात नाही मग लोक उचलतच नाहीत. चपटा बदाम पुरे. सोडायचा मुहूर्त हवा असेल तर २९ सप्टेंबर, जागतिक हृदय दिन, किंवा तुमच्याकडचा फेब्रुवारी, जो १९६४ पासून हार्टचा महिना म्हणून पाळतात.

माझं बीपी १३४/८४. डॅलसच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या हाय बीपी, नाशिकचे आमचे फॅमिली डॉक्टर म्हणाले ठीक आहे, मीठ कमी करा. कोण खरं?

दोघंही. अमेरिकेत २०१७ पासून १३०/८० किंवा त्याच्या वर असलं की हाय बीपी म्हणतात, आपल्याकडे अजून सहसा १४०/९० ची रेघ धरतात. तुम्ही दोन रेघांच्या मधे अडकलायत. गोळी लागेल की नाही हे एका आकड्यावर ठरत नाही, शुगर, कोलेस्टेरॉल, वय, सिगरेट, घरात कुणाला होतं का, हे सगळं बघून ठरतं, तेव्हा डॅलसच्या बाईंना तेच विचारा. त्याआधी आठवडाभर घरी नीट मोजा. नीट म्हणजे चहा-सिगरेटनंतर अर्धा तास गेलेला, लघवीला जाऊन आलेले, पाठ टेकून, पाय जमिनीला लावून पाच मिनिटं गप्प बसलेले, पट्टा उघड्या दंडावर आणि हृदयाच्या उंचीला, मोजताना बोलायचं नाही. मिनिटभराने परत एकदा, आणि दोन्ही आकडे वहीत. आपल्याकडे मशीन लावलं की तेवढ्यात कुणीतरी विचारतंच, ‘किती आलं?’

पुण्यात राहतो, रिटायर्ड. तुमचं ते सदर वाचलं. राग मानू नका, पण डबे शोधून आणि बिल्ले फिरवून कुणाचं हार्ट सुधारलंय का? अमेरिकेतली फॅडं इथे कशाला?

बिल्ल्याने नाही सुधारत काका, बिल्ल्यापर्यंत चालत जावं लागतं त्याने सुधारतं. आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम वेगाने चाला असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. मध्यम म्हणजे चालताना बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही. सारसबागेत रोज त्याच फेऱ्या मारायला तुम्हाला कंटाळा येत नसेल तर तुम्हाला डब्याची काहीच गरज नाही, खरंच नाही. कंटाळा येणाऱ्यांसाठी लिहिलं होतं ते. प्रत्येक डब्याला जमिनीच्या अवघडपणाचा १ ते ५ आकडा असतो आणि १ म्हणजे व्हीलचेअरवरूनही पोचता येईल अशी जागा, त्यामुळे अँजिओप्लास्टी झालेल्यांना डॉक्टरांनी हो म्हटल्यावर तिथून सुरुवात करता येते.

पण एक तुमचं बरोबर आहे, इथे जसंच्या तसं चालणार नाही. आपल्याकडे डबे विरळ आहेत, पावसाळ्यात निम्म्यांत पाणी जातं, आणि स्टेशनजवळ किंवा देवळाजवळ बेवारस डबा ठेवलात तर पोलीस येतील आणि ते योग्यच आहे. संरक्षित किल्ल्यांवर तर काहीच लपवू नये, तटबंदीचा दगड सरकवून त्यामागे तर मुळीच नाही.

डिसेंबरात सिएटलहून कोथरूडला येतोय, माझ्याकडे एक हार्टवाला टॅग आहे. पुण्यात सोडू का?

सोडू नकोस, फिरवून परत ने. इथल्या डब्यात वर्ष वर्ष कुणी फिरकत नाही. तू जो डबा शोधशील तिथे टॅगची नुसती ‘भेट’ नोंदवता येते, मैल मिळतात आणि टॅग तुझ्या खिशातच राहतो. आणि ट्रेकसाठी सॅटेलाइट कम्युनिकेटर (उपग्रहावरून मेसेज पाठवणारं यंत्र) बॅगेत टाकत असशील तर काढून ठेव, भारतात परवानगीशिवाय त्याला बंदी आहे, विमानतळावर लोकांना अडवलंय. फोनचं जीपीएस पुरतं.

आईच्या नावाने सोडलेला टॅग आठ महिन्यांपासून एकाच माणसाकडे आहे. काय करू?

एक साधा मेसेज कर, ‘टॅग ठीक आहे ना?’ एवढाच, आरोप नको. बरेचदा जॅकेटच्या खिशात विसरलेला असतो. उत्तर आलं नाही तर पानावर ‘हरवला’ अशी नोंद कर. टॅग विकत घेताना सहसा दोन बिल्ले येतात, एक साखळीचा आणि एक त्याच कोडची कॉपी, ती कॉपी नवीन बदामाला लावून परत सोडता येते, मैल आहेत तिथून पुढे चालू होतात. ती पण पाठवायची नसेल तर घरीच ठेव आणि भेटणाऱ्या खेळाडूंना दाखव, नुसता बघितल्याचीही नोंद करता येते. मंगळावरच्या पर्सिव्हरन्स गाडीवरही असा एक कोड आहे, हेल्मेटच्या काचेच्या मटेरियलच्या तुकड्यावर कोरलेला, आणि त्याची नोंद लोक नासाने टाकलेल्या फोटोवरून कोड वाचून करतात. फक्त कॉपी सोडायच्या आधी कार्ड नवीन छाप, जुन्यावर तुझा बंद झालेला मेल असेल तर तो बदल.