आर्ट टेटम या अमेरिकन जॅझ पियानोवादकाचं वादन म्हणजे नुसती बोटांची कसरत आहे का? त्याचं कुठलं रेकॉर्डिंग आधी ऐकावं?

कसरत अजिबात नाही. पण तुम्ही ज्या दाराने आत शिरलात त्या दाराने आलेल्या बऱ्याच जणांचं हेच मत होतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुम्ही म्हणता की सात सीडींचा सोलो संच ओळीने ऐकायला घेतला, तिसऱ्या सीडीपर्यंत कान दमले आणि सगळी गाणी एकसारखी वाटायला लागली. शिवाय तुमच्या ग्रुपमधले पियानोवादक बिल एव्हान्सचे चाहते म्हणतात की टेटमकडे वेग भरपूर, सांगण्यासारखं काही नाही. मुंबईत चार जॅझ ऐकणारे एकत्र बसले की हा वाद हमखास निघतो. आमच्या दादरच्या बैठकीतही निघतो, आणि आवाज चढेपर्यंत चालतो.

आधी त्या संचाबद्दल. नॉर्मन ग्रान्झ या निर्मात्याने टेटमला स्टुडिओत बसवलं आणि मनात येईल ते वाजव म्हणून सांगितलं. २८ आणि २९ डिसेंबर १९५३ या दोन दिवसांत साठाहून जास्त गाणी ध्वनिमुद्रित झाली, त्यातली बहुतेक पहिल्याच टेकमध्ये. पुढे १९५५ च्या सुरुवातीपर्यंत आणखी बैठका होऊन आकडा एकशेवीसच्या आसपास गेला. एका माणसाच्या डोक्यात आणि हातांत जे जे साठलेलं होतं ते सगळं उतरवून ठेवायचं, हा ग्रान्झचा हेतू. त्याचे उपकार मानावे तेवढे थोडे, कारण नोव्हेंबर १९५६ मध्ये टेटम गेला, अवघ्या ४७व्या वर्षी. पण हे एका दमात ऐकण्यासाठी केलेलं काम नव्हे. लाँगप्ले तबकडी आली होती, वेळेचं बंधन उरलं नव्हतं, तरी बरीच गाणी तीन ते पाच मिनिटांतच आटोपतात. त्या तीन-पाच मिनिटांत तो इतकं भरतो की लागोपाठ दहा गाणी ऐकणाऱ्याला काहीच हाती लागत नाही.

आता मूळ आक्षेप. तो आजचा नाही. १९५५ मध्ये आंद्रे ओदेर या फ्रेंच समीक्षकाने 'डाउन बीट' मासिकात ग्रान्झच्या याच रेकॉर्डिंगांवर टीका केली होती. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: टेटम सामान्य दर्जाची लोकप्रिय गाणी निवडतो, मूळ चाल सोडत नाही, तिच्यावर नुसती नक्षी चढवतो; खरं इम्प्रोव्हायझेशन, म्हणजे वाजवता वाजवता नवं रचणं, नाहीच. पियानोवादक बिली टेलरने त्याच मासिकात त्याला उत्तर दिलं. बिली टेलर टेटमच्या जवळचा, त्यामुळे उत्तरात जिव्हाळा आहे; पण मुद्दे पक्के आहेत.

ओदेरचं एक म्हणणं मला मान्य आहे. टेटमच्या कित्येक गाण्यांचा आराखडा ठरलेला असे. द्वोर्झाक या पाश्चात्त्य अभिजात संगीतकाराची 'ह्युमोरेस्क' त्याने १९४० मध्ये वाजवली आणि १९४९ मध्ये लॉस एंजेलिसच्या श्राइन ऑडिटोरियममधल्या मैफलीतही वाजवली. दोन्हीकडे तीच तऱ्हा: आधी चाल सावकाश, लय न धरता, मग अचानक डावा हात लय पकडतो आणि सभ्य बैठकीतला तुकडा हार्लेममधला, न्यूयॉर्कच्या त्या जॅझच्या वस्तीतला, होऊन जातो. 'विलो वीप फॉर मी'ची वेगवेगळ्या वर्षांची रेकॉर्डिंगं लावून बघा, सुरुवात जवळपास तीच. हे नाकारण्यात अर्थ नाही.

पण ओदेर मोजत होता तो बीबॉप या चाळिसाच्या दशकातल्या नव्या जॅझ शैलीनंतरच्या मापाने. १९४५ नंतर जॅझमध्ये थोरपणाची खूण ठरली ती सॅक्सोफोनची किंवा ट्रंपेटची एकेरी ओळ: गाण्याचे कॉर्ड (एकदम वाजणारे स्वरसमूह) घ्यायचे, चाल टाकून द्यायची, त्या जागी नवी चाल रचायची. सॅक्सोफोनवादक चार्ली पार्करने ते शिखरावर नेलं. आमच्या बैठकीतली ज्येष्ठ मंडळी १९७८ च्या पहिल्या 'जॅझ यात्रा' महोत्सवाला धोबी तलावच्या रंगभवनात बसलेली. सॅक्सोफोनवादक सॉनी रॉलिन्स त्यांनी समोर ऐकलेला. त्यांचा कान त्या एकेरी ओळीवर तयार झाला, आणि ते टेटमच्या उजव्या हातात तशी ओळ शोधतात. (पार्कर मात्र पोरवयात हार्लेमच्या ज्या हॉटेलात भांडी विसळायला राहिला होता, तिथे टेटम पियानो वाजवायचा. त्याने तिथे काय काय कानांत साठवलं असेल याचा विचार करावा.)

आपल्या मराठी श्रोत्यांची आणखी एक अडचण आहे, आणि वादाचं मूळ मला तिथेच दिसतं. आपण रागसंगीतावर वाढलो. उजव्या हाताची ती घसरत खाली येणारी दौड ऐकली की आपल्याला तान ऐकू येते, आणि मग तानेच्या निकषांवर आपण ती तोलतो: नवी आहे का, रागाला धरून आहे का, की नुसती तयारी? तीच ती दौड चार गाण्यांत आली की आपण नापास करून मोकळे होतो. पण टेटमची दौड हे त्याचं म्हणणं नसतंच. नीट ऐका, ती बहुतेकदा येते ती मूळ गाण्यात ओळ संपून लांब स्वर थांबलेला असतो तिथे. गायिका जिथे श्वास घेईल ती जागा तो भरतो. म्हणणं असतं खाली, कॉर्डमध्ये. आणि कॉर्ड ऐकायची सवय आपल्याला पेटीनेही लावलेली नाही आणि तंबोऱ्यानेही.

यासाठी एक साधी गोष्ट करून बघा. 'टी फॉर टू'चं १९३३ चं रेकॉर्डिंग घ्या. गाण्याची चाल पोरासोरांना येईल अशी, दोन सुरांवर झुलत राहणारी. आधी ती साधी एखाद्या गायकाची ऐकून तोंडात बसवा. मग टेटम लावा आणि त्याच्याबरोबर गुणगुणत राहा. पहिली गोष्ट ध्यानात येईल ती ही की तुम्ही कुठेही सुटत नाही. एवढ्या गर्दीत चाल सदैव तिथेच असते. दुसरी गोष्ट दुसऱ्या-तिसऱ्या वेळी जाणवेल. तुम्ही तोच सूर धरून आहात, पण तुमच्या पायाखालची जमीन सरकते आहे. जिथे मूळ गाण्यात एकच कॉर्ड स्वस्थ बसलेला असतो तिथे तो शेजारच्या पट्टीवरच्या कॉर्डवर उतरतो, तिथून आणखी एकावर, आणि ओळ संपायच्या आत नेमका घरी येतो. तुमचा सूर बदलला नाही, पण त्याचा रंग तीनदा बदलला. नवनिर्मिती म्हणतात ती इथे आहे.

हे सगळं चालू असताना डावा हात काय करतो तेही बघण्यासारखं आहे. स्ट्राइड म्हणजे डाव्या हाताने खाली खर्जाचा एक स्वर मारायचा आणि लगेच उडी मारून मधल्या सप्तकात कॉर्ड, मात्रेला मात्रा धरून. टेटमचा पंजा इतका मोठा की दहा पांढऱ्या पट्ट्यांचं अंतर तो सहज एकदम दाबायचा, आणि अशा जोड्या एकामागोमाग एक चालवत न्यायचा. तुमचे मित्र ज्याला मानत असतील त्या पियानोवादक ऑस्कर पीटरसनच्या वडिलांनी त्याला लहानपणी टेटमची 'टायगर रॅग' ऐकवली, तेव्हा त्याला वाटलं दोन माणसं वाजवताहेत. एकच माणूस आहे, तोही जवळपास आंधळा, हे कळल्यावर त्याने कित्येक दिवस पियानोला हात लावला नाही. ही हकिगत पीटरसननेच सांगितलेली आहे. (मुंबईला स्ट्राइड परका नाही. तिसाच्या दशकाच्या उत्तरार्धात टेडी वेदरफोर्ड हा अमेरिकन पियानोवादक ताजमहाल हॉटेलात हेच वाजवत होता. टेटमच्या तबकड्या अमेरिकेत नव्या होत्या, तोच हा काळ.)

आता कुठलं रेकॉर्डिंग. ऱ्हिदम हाउस हे मुंबईतलं रेकॉर्डचं दुकान २०१६ साली बंद झालं, त्यामुळे काउंटरवर उभं राहून ऐकून घेण्याची सोय गेली. पण मी सांगतोय ते सगळं स्ट्रीमिंगवर मिळतं.

माझं ठाम मत असं की टेटम स्टुडिओबाहेर जास्त मोकळा आहे. जेरी न्यूमन नावाचा कोलंबिया विद्यापीठाचा एक विद्यार्थी १९४०-४१ मध्ये तबकडी कापायचं यंत्र उचलून हार्लेमच्या रात्रभर चालणाऱ्या क्लबांत जायचा. त्याने टिपलेलं १९७३ मध्ये 'गॉड इज इन द हाउस' या नावाने बाहेर आलं. आवाज खरखरीत, मागे लोकांची बडबड, ग्लासांची किणकिण. पण त्यातलं 'स्वीट जॉर्जिया ब्राउन' ऐका. फ्रँकी न्यूटन ट्रंपेटवर अगदी मोजकं, दबक्या आवाजात वाजवतो. टेटम त्याच्या खालून कॉर्ड इतके दूर नेतो की आता हा परत येत नाही असं वाटावं, आणि न्यूटन शांतपणे आपली जागा सोडत नाही. तुमच्या मित्रांना आधी हे ऐकवा. याच तबकडीवर टेटम चक्क ब्लूज गातो. गळा बेताचाच, पण ब्लूज त्याच्या अंगात किती मुरलेला होता ते त्यात कळतं.

दुसरं, १९५५ मध्ये बेव्हर्ली हिल्समध्ये एका घरगुती पार्टीत टिपलेलं 'टू मार्व्हलस फॉर वर्ड्स'. तीन मिनिटांपेक्षा कमी. ठरलेला आराखडा वगैरे म्हणणाऱ्यांनी हे ऐकावं. चाल मोडून, दुसऱ्याच पट्टीत भरकटून, सगळे धागे हातांतून सुटल्यासारखे वाटत असताना तो एका उडीत मूळ जागी उतरतो. समोर चार ओळखीची माणसं होती आणि पैशांचा हिशेब नव्हता, म्हणून हे झालं असं मला वाटतं.

टायनी ग्राइम्स (गिटार) आणि स्लॅम स्टुअर्ट (बास) यांच्याबरोबरची १९४४ ची ट्रिओ, म्हणजे तिघांची, रेकॉर्डिंगं अनेकांना प्रिय आहेत, मला फारशी नाहीत; गिटारने मधली जागा अडते आणि डाव्या हाताचं काम झाकलं जातं.

सोलो संच टाकून देऊ नका. त्यातली रोज दोन गाणी ऐका, मूळ चाल आधी तोंडात बसवून.

आणि सॅक्सोफोनवादक बेन वेबस्टरबरोबरचं ११ सप्टेंबर १९५६ चं सत्र, टेटम जायच्या आठ आठवडे आधीचं. आमच्याकडे याच्यावर एकमत होत नाही. बैठकीतले एक जुने ट्रंपेटवाले म्हणतात की टेटम साथ करतच नाही, सॅक्सोफोनच्या अंगावर येतो. मला हे पटत नाही. वेबस्टरने त्याच्याशी स्पर्धाच केलेली नाही. तो चाल जवळपास जशीच्या तशी धरतो, एकेक स्वर लांबवतो, स्वर संपल्यावरही त्याचा नुसता श्वास ऐकू येत राहतो. त्या लांब स्वरांच्या खाली टेटमला हवं तेवढं अंगण मिळतं, आणि कॉर्ड कसे बदलतात हे इथे अगदी नवख्यालाही ऐकू येतं, कारण वरचा स्वर हलत नाही. 'माय वन अँड ओन्ली लव्ह' आधी लावा, मग 'गॉन विथ द विंड'.