स्लॅब गळतोय, भिंतीला लोणा (ओलीबरोबर येणारा क्षार) लागलाय: पर्सनल लोन काढावं का?

प्रश्न: आमचं घर गुहागर तालुक्यात, समुद्रापासून अर्ध्या किलोमीटरवर. चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) भिंती, वर १९९८ सालचा ६५० चौरस फुटांचा स्लॅब. तीन पावसाळे झाले, छत गळतंय आणि भिंतींचे खालच्या तीन फुटांत पोपडे पडताहेत. कॉन्ट्रॅक्टरचं कोटेशन ४.८५ लाखांचं आहे: जुन्या कोब्यावर नवा ब्रिकबॅट (विटांच्या तुकड्यांचा) कोबा १.४५ लाख, आतलं सगळं प्लास्टर १.१० लाख, पुट्टी-रंग ९५ हजार, छताला आतून वॉटरप्रूफ कोट ६० हजार, दोन खोल्यांच्या लाद्या ७५ हजार. शेजारी म्हणतात, वर पत्र्याची शेड घाला. तिचं कोटेशन १.७० लाख. दोघांचा मिळून पगार ६२ हजार, घरखर्च ४२, एसआयपी ६, हातात उरतात १४. एफडी ३.६० लाखांची आहे, दोन वर्षांची, ७ टक्क्यांची, येत्या जानेवारीत संपेल. बचत खात्यात ७५ हजार. बँक १४ टक्क्यांनी पाच वर्षांचं पर्सनल लोन देतेय. आता मार्च चालू आहे. मेअखेर सगळं उरकावं म्हणते. लोन घेऊ का?

उत्तर: ताई, घेऊ नका. ४.८५ लाखांवर हप्ता बसेल ११,२८५ रुपये. पाच वर्षांत नुसतं व्याज १.९२ लाख, म्हणजे शेडच्या किमतीहून जास्त. महिन्याला उरणाऱ्या १४ हजारांतले पावणेतीन हजारही हातात राहणार नाहीत. पण व्याजाहून मोठी अडचण भिंतीत आहे. तीन पावसाळे भिजलेला चिरा मेअखेर वाळत नाही. बांधकामातला जुना ठोकताळा एक इंच जाडीला एक महिना असा आहे, आणि तुमची भिंत निदान नऊ इंचांची असणार. ओल्या भिंतीवर सिमेंटचं प्लास्टर, पुट्टी, प्लास्टिक पेंट चढवला की आतली ओल बाहेर पडायला वाट शोधते आणि जाताना रंग घेऊन जाते. दिवाळीला पोपडे परत दिसतील, हप्ते मात्र पुढची चार-साडेचार वर्षं चालू राहतील.

कोटेशन पुन्हा वाचा. ४.८५ पैकी ३.४० लाख आतल्या कामांचे आहेत. पाणी अडवणारं काम एकच, नवा कोबा, आणि तोही मला पटत नाही. चार इंची ब्रिकबॅट कोब्याचं वजन चौरस फुटाला १८ किलोच्या आसपास भरतं. ६५० फुटांवर ते साडेअकरा टनांवर जातं. जुना कोबा न काढता हा भार खाऱ्या हवेत पंचवीसहून जास्त वर्षं काढलेल्या स्लॅबवर टाकायचा, हे धोक्याचं आहे. छताला आतून मारायचा ६० हजारांचा कोट तर आजच खोडून टाका. वरून पाणी येतच असेल तर तो कोट ते स्लॅबमध्येच कोंडून धरतो. सळ्या आत गंजत राहतात, गंज लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, आणि मग खालचं काँक्रीट खपल्यांनी सुटतं.

दुसरं म्हणजे तुमच्या घरात पाणी दोन वाटांनी येतंय. छताचं वरून येतं. भिंतीच्या खालच्या तीन फुटांचं जमिनीतून चढतं. वर कितीही खर्च केलात तरी खालचा लोणा थांबणार नाही. खात्री करायची असेल तर फूटभर चौकोनी प्लास्टिक घ्या, पोपडे खरवडलेल्या जागी चारही कडांना चिकटपट्टीने घट्ट लावा आणि दोन दिवसांनी बघा. भिंतीकडच्या बाजूला थेंब जमले असतील तर ओल भिंतीतली आहे. फक्त बाहेरच्या बाजूला असतील तर हवेतली. एक चाचणी जमिनीपासून फूटभरावर, दुसरी पाच फुटांवर करा. खाली थेंब आणि वर कोरडं, म्हणजे पाणी जोत्यातून चढतंय. बहुतेक घरांत याचं कारण अंगणातच असतं: दर काही वर्षांनी कोबा किंवा फरशी चढवत अंगण जोत्याच्या बरोबरीला आलेलं असतं.

म्हणून खर्चाचे दोन भाग पाडा.

पहिला भाग एप्रिल-मेमध्ये, २.६३ लाखांचा. स्ट्रक्चरल इंजिनिअरची तपासणी १० हजार. गंजलेल्या सळ्यांची जागोजाग दुरुस्ती ४५ हजार. नव्या कोब्याऐवजी शेड १.७० लाख. अंगण उतरवून भिंतीबाहेर तीन फूट रुंद, उताराचा पट्टा आणि गटार ३० हजार. आतलं खालचं चार फूट प्लास्टर खरवडून चिरा उघडा करणं ८ हजार. तपासणी सगळ्यात आधी. हातोडीने छत ठोकत गेलं की सुटलेल्या जागी बद्द आवाज येतो. तिथे छिन्नीने सळी उघडी करून जाडी मोजायची. चार-दोन ठिकाणीच गंज असेल तर सळी चकचकीत होईपर्यंत घासून, गंजरोधक लावून पॉलिमर मॉर्टर भरता येतं. पण बऱ्याच सळ्या पाव भागापेक्षा जास्त झिजल्या असतील तर तिथेच थांबा. मग शेडही नको, कोबाही नको. इंजिनिअर सांगेल तिथे टेकू द्या आणि पैसे नव्या स्लॅबसाठी राखा. शेड पाणी अडवते, आत शिरलेला खार काढत नाही.

शेडच्या कामात कोकणात चूक होते ती बांधणीत. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात दापोली, मंडणगड, श्रीवर्धन भागांत पत्रे कागदासारखे उडाले. खांब कठड्यावर उभे करू नका, खालच्या कॉलमला किंवा बीमला बोल्टने धरा. पत्रा ०.५ मिमीचा रंगीत, स्क्रू स्टेनलेस, खाली रबरी वॉशर. जोडांची तोंडं नैर्ऋत्येच्या वाऱ्याकडे येऊ देऊ नका. पत्रा भिंतीबाहेर निदान अडीच फूट पुढे काढा. ग्रामपंचायतीत आधी विचारून घ्या. एका दिवसात १०० मिमी पाऊस पडला तर एवढ्या छतावर सहा हजार लिटर पाणी येतं. पन्हळ आणि चार इंची पाइप नसेल तर ते सगळं परत जोत्याशीच पडेल.

आता पैसे. एफडी मोडू नका, तिच्यावर ओव्हरड्राफ्ट घ्या, म्हणजे ती तारण ठेवून लागतील तेवढेच पैसे उचला. साधारण ९० टक्के, म्हणजे ३.२४ लाखांपर्यंत मर्यादा मिळते आणि व्याज एफडीच्या दरापेक्षा एक ते दोन टक्के जास्त असतं. २.६३ लाख उचललेत तर नऊ महिन्यांचा हा जादा भार तीन हजारांच्या आसपास जाईल. एफडी मोडली तर साधारण एक टक्का दंड आणि वर कमी मुदतीचा कमी दर, म्हणजे त्याहून जास्त नुकसान. दर महिन्याचे १४ हजार त्याच खात्यात भरा. व्याज घटतं आणि अडीअडचणीला तेवढी मर्यादा परत मोकळी होते. बचत खात्यातल्या ७५ हजारांना हात लावू नका. एसआयपी चालू राहू द्या.

डिसेंबरपर्यंत तुम्ही १.२६ लाख फेडलेले असतील. जानेवारीत एफडीचे व्याजासकट ४.१३ लाखांच्या आसपास येतील, त्यातून ओव्हरड्राफ्टचे दीड लाख मिटतील. मग दुसरा भाग: फक्त खालच्या चार फुटांचं प्लास्टर आणि रंग, साधारण १.३० लाख. प्लास्टर एक भाग सिमेंट, एक भाग चुना, सहा भाग वाळू. खाडीची वाळू अजिबात नको. एवढं करूनही चार महिन्यांच्या खर्चाहून जास्त रक्कम हातात उरते. लाद्यांचा विचार त्यानंतर.

लोन विकणारा टॅक्स वाचेल म्हणेल. स्वतः राहत्या घराच्या दुरुस्तीच्या कर्जाचं व्याज जुन्या करपद्धतीत वर्षाला ३० हजारांपर्यंतच वजा होतं, नव्या पद्धतीत काहीच नाही.

घराचा विमा मात्र याच वर्षी घ्या. भारत गृह रक्षा पॉलिसीत पूर, वादळ, टाकी-पाइप फुटणं येतं; वर्षानुवर्षांची झिरप येत नाही, त्यामुळे आत्ताच्या ओलीचा क्लेम मिळणार नाही. दुरुस्ती झाल्यावर प्रत्येक भिंतीचे तारखेसह फोटो ठेवा.

कॉन्ट्रॅक्टरशी ठोक रकमेत ठरवू नका, चौरस फुटाच्या दराने लिहून घ्या. शेडचे १५ टक्के जूनच्या पहिल्या मोठ्या पावसानंतर द्यायचे, हे आधीच सांगा. आणि जानेवारीत प्लास्टर सुरू करण्याआधी प्लास्टिकची चाचणी परत करा. थेंब दिसले तर काम महिनाभर पुढे ढकला; पैसे तोवर तुमच्याच खात्यात आहेत.