आईच्या डोळ्यात मेलानोमा, डोळा काढावाच लागेल का?

प्रश्न : आईचं वय ५८. डाव्या डोळ्यासमोर सावली येते म्हणून सीताबर्डीला दाखवलं, तर डोळ्याच्या पडद्यामागे मेलानोमाची, म्हणजे एका कॅन्सरची गाठ निघाली, जाडी ४ मिमी. काका म्हणतात डोळाच काढून टाका, म्हणजे पसरायची भीतीच नाही. आई दिवसभर रडते. काय करावं?
– एक वाचक, मानेवाडा, नागपूर

उत्तर : काकांचा जीव तुटतो म्हणून ते बोलतात, पण डोळा काढला की धोका संपला असं नाही हो. अमेरिका-कॅनडात कॉम्स नावाचा मोठा अभ्यास झाला, मध्यम गाठी असलेले १३०० च्या वर पेशंट, काहींचा डोळा काढला, काहींना रेडिएशन देणारी चकती, म्हणजे प्लाक, लावली आणि १२ वर्षांनंतरही जगण्यात फरक दिसला नाही. आईची गाठ जाडीनं मध्यमच आहे, त्यामुळे प्लाकबद्दल विचारल्याशिवाय डोळा काढायला हो म्हणू नका.

प्लाक म्हणजे छोटीशी वाटीसारखी धातूची चकती, ती भूल देऊन गाठीच्या बरोबर वर डोळ्याला बाहेरून शिवतात, काही दिवस ठेवतात न मग परत ऑपरेशन करून काढतात. तेवढे दिवस लहान मुलांना आणि गरोदर बायांना भेटायला नेऊ नका. रुथेनियम या किरणोत्सर्गी धातूची प्लाक आता आपल्या भाभा अणुसंशोधन केंद्रानंही बनवली आहे, एवढ्या जाडीच्या गाठीला ती चालते. पण आईला खरं सांगून ठेवा, डोळा राहिला तरी नजर पुढे हळूहळू कमी होऊ शकते, गाठ मधल्या नजरेच्या जागेजवळ असेल तर जास्तच.

गाठ फारच मोठी असेल, डोळ्याच्या नसेपर्यंत पोचली असेल किंवा डोळा दुखतो आणि दिसतही नाही, तेव्हा मात्र काढणंच बरं. नंतर साधारण दीड महिन्यानं कृत्रिम डोळा बसवतात.

आपल्याकडून हैदराबादचं एल. व्ही. प्रसाद हे डोळ्यांचं हॉस्पिटल रात्रीच्या गाडीनं जवळ पडते, तिथं या आजाराचा वेगळा विभाग आहे. बी-स्कॅन (डोळ्याची सोनोग्राफी) आणि डोळ्याचे फोटो सोबत न्या. बहुतेक वेळा तपासणी आणि सोनोग्राफीवरूनच निदान होते, सुई टाकून गाठीचा तुकडा तपासला नाही म्हणून घाबरू नका.

आणि लिव्हर! हा कॅन्सर पसरला तर बहुतेक लिव्हरमध्येच जातो, कधी कधी कितीतरी वर्षांनी, आणि डोळा ठेवला काय न काढला काय, हे दोन्हीकडे सारखंच. म्हणून डॉक्टर सांगतील तसं, साधारण दर सहा महिन्यांनी लिव्हरची सोनोग्राफी किंवा एमआरआय सुरूच ठेवा. पहिली अजून झाली नसेल तर निघायच्या आधी नागपुरातच करून घ्या.